मन्मथअप्पांचं अपील

मन्मथअप्पा आमच्या घरी आले की आधी एखादं बटन बंद करतात आणि मग नमस्कार करतात. माणूस उंबऱ्यात उभा, चपला अजून पायात, आणि नजर खोलीभर फिरायलेली. टीव्ही बंद असला तरी त्याच्या पोटाशी एक लाल ठिपका जळत असतो. तो त्यांना सगळ्यात आधी दिसतो. "नाझरसाहेब, हा लाल डोळा बगा. रातंदिस उघडा. कोणाची वाट बगायलाय हा?" असं म्हणत ते आत येतात, भिंतीवरचं बटन दाबतात आणि तो डोळा मिटला की मग म्हणतात, "हं. नमस्कार. चहा ठिवा म्हना."

मी जिल्हा कोर्टात नाझर होतो, बेलिफ-शिपाई माझ्या हाताखाली असायचे. आता रिटायर आहे. अप्पा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, तेही रिटायर. परभणीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. शेजारी कसा आहे असं कोणी विचारलं तर मी सांगतो, माणूस देवासारखा आहे, फक्त त्याला बटनाच्या बोर्डापासून लांब बसवा.

पॉलिटेक्निकातली पोरं त्यांना 'मेन स्विच' म्हणायची. अप्पांना ते माहीत होतं आणि त्याचा राग तर नाहीच, वर थोडा अभिमानच होता. "मेन स्विच म्हंजी काय वाईट हाय का? घरात एकच असतो तो."

"काम न्हाई तं झोपू द्या की" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पंखा, बल्ब, मोटर, माणूस, सगळ्यांना ते लागू. मी ओट्यावर उगाच येरझाऱ्या घालताना दिसलो तरी खिडकीतून आवाज येतो, "साहेब, काम न्हाई तं झोपू द्या की त्या पायांना." स्वतःलाही त्यांनी यातून सूट दिलेली नाही. बोलण्यासारखं काही नसलं की डोळे मिटून गप बसतात. नवख्या माणसाला वाटतं म्हातारा पेंगला. तो नवखा आवाज बारीक करून आमच्याशी बोलायला लागतो, आणि मधेच अप्पा डोळे न उघडता त्याच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर देतात. "झोपलो न्हाई ओ. थांबलो होतो." एका गोष्टीला मात्र ते कधी हात लावत नाहीत, ती म्हणजे देवापुढचा तेलाचा दिवा. तो कामावर आहे, असं त्यांचं म्हणणं.

बोरीला माझ्या पुतणीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. गोरज मुहूर्त. वरात गावात नाचत होती आणि मंडपात स्टेज तयार होतं. दोन रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यावर चारी बाजूंनी मोठाले दिवे रोखलेले. मला धाकधूक लागलीच होती, कारण अप्पा बराच वेळ दिसत नव्हते. एकाएकी स्टेज काळंठिक्कर. बायकांनी कालवा केला, व्हिडिओवाला भांडायला धावला, नवरदेवाचा मामा म्हणाला की हा अपशकुन झाला. अप्पा पडद्यामागं स्विचवर हात ठेवून उभे होते.

"खुर्च्या रिकाम्या हायत," ते मला म्हणाले. "खुर्च्यांचं लगीन लावायलात का?"

मी हात जोडले. पुतणीची शपथ घातली. ते ढिम्म. पुढं वाजंत्री मारुतीच्या देवळापाशी आल्याचं ऐकू आलं तसं त्यांनी आपण होऊनच स्विच दाबला. ते दिवे लावल्याबरोबर उजळत नाहीत, हळूहळू तापत मग पांढरे होतात. नवरदेवानं स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच वेळी सगळं लख्ख झालं. मामासुद्धा गप्प झाला. माझा पारा काही उतरला नव्हता. परत येताना गाडीत मी म्हणालो, "अप्पा, लोकांच्या लग्नात तरी हे धंदे करू नका."

"झोपवणं कोणालाबी जमतं साहेब," ते म्हणाले. "उठवायचं केव्हा, ते कळाया पायजे."

मला वाटलं, लग्नाबद्दल बोलत आहेत. ते त्यांच्या पेटंटबद्दल बोलत होते.

पेटंट हा शब्द आमच्या गल्लीत गोळ्या-औषधांच्या पलीकडं कोणाला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. पण मी कोर्टातला माणूस म्हणून अप्पा कागदं घेऊन माझ्याकडंच आले. माझी सगळी जिंदगी बांधाच्या दाव्यांत गेली. कोणी वीतभर बांध कोरला, कोणी पाट अडवला, कोणाची वहिवाट बंद केली. अप्पांचा मामला ऐकून घेतल्यावर मी म्हणालो, हेही तेच आहे. तुम्हाला एक रान सापडलं, त्याच्याभोवती तुम्हाला बांध घालायचाय. फरक एवढाच की रान डोक्यात आहे.

अप्पा खूश झाले. मग त्यांनी मला ते रान दाखवलं.

"हे बगा साहेब. मोबाईलमधी चिप असती, नखाएवढी. पण आत खोल्याच खोल्या. एका खोलीत काम चालू असतं, बाकीच्या नुसतेच दिवे लावून बसल्यात. तुमची बॅटरी कामानं कमी आन् बसण्यानंच जास्त उतरती. आता बसलेल्याला झोपवावं, हे काय आपलं डोकं न्हाई, ते सगळ्या जगाला ठाऊक हाय. पण झोपलेली खोली उठायला येळ घेती. काम दारात येऊन उभं, आन् खोली डोळे चोळायली. म्हनून मोठमोठ्या कंपन्या काय करतेत, तं एक पहारेकरी ठिवतेत. तो सगळ्यांना उठवत फिरतो. पण तो पहारेकरी सदा जागा. त्याचं खाणं चालूच."

"मग तुम्ही काय केलं?"

"पहारेकरी काढून टाकला. शेजारच्या खोलीनंच शेजारच्या खोलीला उठवायचं. तेबी आपलं काम संपायची वाट न बगता. पलीकडची किती झोपाळू हाय ते हिला माहीत पायजे. जास्त झोपाळू असली तं आधी हाक मारायची, चपळ असली तं शेवटाला. काम पोचलं की खोली तयार."

म्हणजे बेलिफानं शिपायाला उठवायचं, शिपायानं मला, आणि साहेबाला कोणी उठवायची गरजच नाही. साहेबाशिवाय कचेरी चालते हे कोणीतरी शास्त्रानं सिद्ध केलं याचा मला फार आनंद झाला.

पेटंट ऑफिसाला मात्र झाला नाही. बराच काळ पत्रव्यवहार चालला आणि शेवटी अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं की या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचण्यासारखं आहे. नामंजुरीचं अप्पांना एवढं लागलं नाही, जेवढा तो 'सहज' शब्द लागला. भाजीवाल्यापासून गुरवापर्यंत ते सगळ्यांना विचारत सुटले. "सहज? सहज तं जांभई येती. सहज सुचण्यासारखं होतं तं मग कोणाला सुचलं का न्हाई आजपस्तोर?" भाजीवाला म्हणायचा, खरं हाय अप्पा. त्याला मेथीच्या जुड्या संपवायच्या होत्या.

अपील हायकोर्टात करायचं ठरलं. वकील मिळाली रेवती. मूळची चुडाव्याची, अप्पांच्याच हाताखाली शिकलेली, मग इंजिनिअर होऊन वकील झालेली आणि मुंबईत याच कामात पडलेली. गावी आली होती तेव्हा रेल्वेनं परभणीला येऊन तिनं अप्पांच्या घरी बैठक मारली. मीही होतो. तिनं फाईल उघडली, अप्पांनी तिच्या डोक्यावरचा सोडून बाकीचे दिवे बंद केले आणि काम सुरू झालं.

"सर, अर्जात संशोधक दोन आहेत," रेवती म्हणाली. "एक तुम्ही. या सुलोचना कोण?"

अप्पांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं. सुलोचनावहिनी अर्ज करायच्या आधीच गेल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आता अप्पा एकटेच.

"शिक्षण काय होतं त्यांचं?"

"सातवी."

रेवतीनं पेन खाली ठेवलं. समोरच्या बाजूनं, म्हणजे पेटंट ऑफिसानं, आपल्या उत्तरात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. दुसऱ्या संशोधकानं काय केलं हे कुठंच दिसत नाही, अर्जच काळजीपूर्वक केलेला नाही, असा त्यांचा रोख होता. ती म्हणाली, "सर, नाव काढायची विनंती करता येते. बायकोचं नाव लोक प्रेमानं घालतात. न्यायाधीशाला ते कळतं, पण कायद्याला कळत नाही."

"प्रेमानं न्हाई घातलं," अप्पा म्हणाले. "तिचं हाय म्हनून घातलं."

आणि त्यांनी सांगितलं. आमच्याकडं नळ रोज येत नाहीत, आणि ज्या दिवशी येतात त्या दिवशीही वेळ सांगून येत नाहीत. दुपारी सगळी गल्ली आडवी झालेली असताना हमखास यायचे. पाणी खालच्या अंगाच्या घरांत आधी चढायचं आणि मग एकेक घर करत वर. त्यामुळं आमच्या बायकांची एक रीत होती. आपल्या नळाला पाणी आलं की वाटीनं पुढच्या घराची भिंत वाजवायची. त्या घरानं त्याच्या पुढची. कोणालाच दुपारभर नळापाशी ताटकळावं लागत नसे. आख्खी गल्ली निवांत झोपायची आणि आख्खी गल्ली पाणी भरायची.

"मी तवा त्या पहारेकऱ्यापायी बेजार झालतो," अप्पा म्हणाले. "जेवताना तिला सांगायलो होतो की कोणीतरी जागं ठिवावंच लागतंय. ती म्हनली, कशाला? शेजारी न्हाई का?"

रेवती आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला.

"सर, हे कोर्टात बोलायचं नाही. अजिबात नाही."

अप्पांना कळेना. मला मात्र चटकन कळलं, कारण हे माझ्या धंद्यातलं होतं. ज्या रानातून सगळं गाव पिढ्यानपिढ्या पाणंद म्हणून जातं, तिथं एकाला बांध घालता येत नाही. वहिवाट आडवी येते. आमच्याच गल्लीच्या बायका रोज हेच करत होत्या असं अप्पांनी आपल्या तोंडानं सांगितलं, तर समोरचा म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतो ना सहज सुचण्यासारखं. वहिनींचं नाव ठेवायचं तर ही गोष्ट सांगणं भाग. गोष्ट सांगितली तर पेटंट हातचं जाणार.

"विचार करून कळवा सर," असं म्हणून रेवती गाडीला गेली.

पुढचे काही दिवस अप्पा आमच्याकडं यायचे आणि कशालाच हात लावायचे नाहीत. टीव्हीचा लाल डोळा टकमक बघायचा, रिकाम्या खोलीतला पंखा फिरायचा, आणि हे समोर बसून चहा निववायचे. आमची ही मला आत बोलावून म्हणाली, "अप्पांना बरं न्हाई का? बटन तसंच हाय." मग मीच विषय काढला. म्हणालो, "अप्पा, ऐका माझं. वहिनी गेल्या. कागदावरच्या नावानं त्यांना काय मिळणार आहे? नोकरी संपल्यापासून तुम्ही याच्यावर जीव टाकला. कॉलेजातले लोक हसले, तुम्ही ऐकून घेतलं. आता काठाला आलंय, उगाच हातानं बुडवू नका."

त्यांनी डोळे मिटले.

"उद्या कुठंतरी चिनात, जपानात एखाद्या चिपमधी आपलं डोकं चालंल," ते म्हणाले. "लय वाटतं ओ तसं." मग उठता उठता म्हणाले, "काढा म्हनतो नाव."

तसं त्यांनी रेवतीला कळवलं. मला सुटल्यासारखं झालं. त्यांना झालेलं दिसलं नाही.

हायकोर्टात आता घरी बसून हजर राहता येतं. आमच्याकडं इंटरनेट असल्यानं तारखेच्या दिवशी अप्पा आमच्या बैठकीत आले. काळा कोट, कपाळाला ताजी विभूती, आणि हातात रिकामी पिशवी. पिशवी कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही. रेवती तिकडं प्रत्यक्ष कोर्टात उभी होती. पडद्यावर न्यायमूर्ती येऊन बसले तसा मी सवयीनं उभा राहिलो. मला बघून अप्पाही उभे राहिले, आणि उभ्या उभ्या हायकोर्टाला आमची फक्त पोटं दिसली. रेवतीनं खुणेनं आम्हाला बसवलं.

पोरगी काय बोलली म्हणून सांगू! माझ्या उभ्या नोकरीत मी इतकं स्वच्छ काम ऐकलं नाही. पहारेकरी, झोप, हाक, सगळं तिनं इंग्रजीत असं मांडलं की मलासुद्धा कळलं. न्यायमूर्ती मान हलवत होते. अप्पांनी माझा गुडघा घट्ट धरला होता. मग शेवटी ती म्हणाली की एक छोटी विनंती आहे, अपीलदाराला दुसऱ्या संशोधकाचं नाव वगळायचं आहे.

"का?" न्यायमूर्तींनी विचारलं. "त्यांचा यात वाटा होता की नव्हता?"

रेवती म्हणाली, त्या मुद्द्यावर आमचा आग्रह नाही.

"आग्रह नाही हे उत्तर झालं नाही. कल्पना त्यांची असेल तर नाव वगळता येणार नाही, आणि नसेल तर मुळात घातलं कसं? अपीलदार हजर आहेत ना?" आणि ते आमच्याकडं बघून मराठीत म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा. यात तुमच्या पत्नीचा काही वाटा होता का?"

'नाही' एवढा एक शब्द बोलायचा होता. अप्पांनी डोळे मिटले. पडद्यावर सगळं स्तब्ध. तिकडं कोणीतरी म्हणालं, त्यांचं नेट गेलं वाटतं. रेवतीचा चेहरा मला दिसत होता. मी हळूच म्हणालो, "अप्पा, बोला."

"व्हता साहेब," अप्पांनी डोळे उघडले. "अर्धा तिचा हाय. खरं इचाराल तं अर्ध्याच्या वर."

आणि त्यांनी नळाची सगळी हकीकत सांगितली. भिंत, वाटी, शेजार, काही शिल्लक ठेवलं नाही. रेवतीनं एकदा थांबवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण भिंत तर तुमच्या गल्लीत सगळ्याच बायका वाजवत होत्या. यात तुमच्या पत्नीचं वेगळं ते काय?"

"सांगतो की. हे माझ्या शेजारी बसलेत, ह्यांच्या आईचे गुडघे गेलते. बाजेवरून उठून उभं राहायलाच लय येळ लागायचा त्यांना. नळ आधी फुसफुसतो साहेब, आधी हवा येती, पाणी मागून येतं. बाकीच्या बायका पाणी आलं की भिंत वाजवायच्या. ही नळ फुसफुसला की लगेच ह्यांची भिंत वाजवायची. मागच्या आळीत, आमच्या भिंतीपल्याड, तरणी सून होती, तिची भिंत मात्र पाणी आल्यावरच. मी इचारलं, असं काहून? तं म्हनली, म्हातारीला उठाया येळ लागतो, तिला आधी हाक माराया नगं? एवढंबी कळत न्हाई, आन् म्हनं मास्तर. ते मी सर्किटात मांडलं. मांडणं माझं, बाकी तिचं."

मी काय सांगू? माझी आई मरेपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट अभिमानानं सांगायची. "आपला नळ लय शाना हाय," ती म्हणायची. "मी जाऊन पाटावर बसले की मगच येतो. मला कधी पळवत न्हाई." आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसाचा लाडका भ्रम म्हणून सोडून द्यायचो. वहिनी रोज समोर दिसायच्या, आईच्या हातचं लोणचं न्यायच्या, आईच्या तोंडून त्या शहाण्या नळाचं कौतुकही ऐकायच्या, आणि एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. आई गेली तेव्हाही नाही. मला हे हायकोर्टात कळलं.

फैसला नंतर आला. रेवतीनं फोन केला तेव्हा अप्पा आमच्याकडंच होते. तिचा आवाज पडलेला होता. अपील फेटाळलं. कल्पना साधी असली तरी सुंदर आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. पण अपीलदाराच्याच सांगण्याप्रमाणं ती सुलोचनाबाईंना सुचली आणि त्यांनी ती अर्जाच्या कितीतरी आधी चारचौघांत वापरली. भिंतीवरून चिपमध्ये नेणं हे कसबाचं काम आहे, पण नवा विचार म्हणता येणार नाही. आणि सुलोचनाबाईंचं नाव वगळायची विनंती नामंजूर.

"सर, अजून वर जाता येईल," रेवती म्हणाली. "भिंत वेगळी आणि चिप वेगळी, हे मी लढवू शकते."

"नगं बाळा," अप्पा म्हणाले. "फैसला बराबर हाय. तू लय चांगलं केलंस. चुडाव्याला आलीस की घरी ये."

फोन ठेवल्यावर मी चिडलो. मला राहवलंच नाही. "अप्पा, तुम्ही आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. हाती आलेलं घालवलंत. उद्या कोणीही उठेल आणि तुमचं डोकं फुकट वापरेल."

"वापरू द्या की. तिनं तुमच्या आईकडून काय घेतलं होतं?"

मी चहाचे कप उचलायला लागलो.

"आन् हरलो ते कोणापुढं, ते बगा की साहेब," अप्पा म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "कंपनीपुढं न्हाई हरलो, कोण्या जाणकारापुढं न्हाई. घरच्या माणसापुढं हरलो. तिला आधी सुचलं, हे हायकोर्टानं मानलं. मी तिला जिंदगीत एकदाबी म्हनलो नव्हतो."

त्या दिवशी ते बराच वेळ बसले. वहिनींबद्दल बोलले. आमच्या गल्लीत आता भिंत कोणी वाजवत नाही. नळ येणार असला की मोबाईलवर गल्लीच्या ग्रुपात मेसेज पडतो. सगळ्यांना एकाच वेळी, धावणाऱ्यालाही आणि लंगडणाऱ्यालाही. अप्पा तो बघतच नाहीत, मोबाईल त्यांनी झोपवलेला असतो. पाणी निघून गेल्यावर कळशी घेऊन उभं असलेलं मी त्यांना पाहिलं आहे आणि विसरभोळे म्हणून हसलोही आहे.

निघताना त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, थोडे उठले, परत बसले, श्वास घेतला आणि मग उभे राहिले. इतकी वर्षं शेजारी राहून हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"अप्पा," मी विचारलं, "तुम्हाला उठायला किती वेळ लागतो?"

चिपमधल्या कुठल्याही खोलीचं विचारलं असतं तर त्यांनी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगितलं असतं. ते दारातच थांबले. बराच विचार केला.

"माझं म्हनता?" ते म्हणाले. "ते तिलाच माहीत होतं."